पोरं अजून लहान आहेत, दोन वर्षं थांब

पत्र थोडक्यात असं. लिहिणारा पंचेचाळिशीचा आहे. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, मग अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पर्डू युनिव्हर्सिटीत एमएसला आला, तिथेच कॉलेज फुटबॉलचा नाद लागला. आता इंडियानापोलिसच्या एका उपनगरात घर आहे, बायको आहे, अकरा वर्षांचा मुलगा आहे आणि घरात पर्डूच्या मॅचेसची अख्ख्या सीझनची चार तिकिटं आहेत. पर्डूची टीम २०२४ मध्ये बारापैकी एक मॅच जिंकली आणि २०२५ मध्ये दोन. तो म्हणतो, टीम यंग आहे, कोच नवा आहे, दोन वर्षं द्या, शेजारची इंडियाना युनिव्हर्सिटी नाही का वर आली, २०२३ मध्ये ३-९ (तीन जिंकल्या, नऊ हरल्या) होती आणि या जानेवारीत नॅशनल चॅम्पियन झाली. बायको म्हणते हे तू दर वर्षी म्हणतोस, तिकिटं सोड, आमचे शनिवार आम्हाला दे, मंडळाचा गणपतीही दर वेळी तुझ्याशिवाय होतो. मुलाने वाढदिवसाला इंडियानाची लाल हुडी मागितली आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, त्याने लिहिलंय की नोव्हेंबरात एक मॅच हरल्यावर त्याने पर्डूच्या एका खेळाडूला इन्स्टाग्रामवर 'चार शब्द सुनावले', कारण 'आता पैसे मिळतात ना त्यांना, मग ऐकूनही घ्यावं'. प्रश्न तीन आहेत: तिकिटं ठेवू का, मुलाला कसं समजावू, आणि ताई, मी मूर्ख आहे का?

उत्तर:

ताई म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे बाकीचं नीट वाचशील: मूर्ख नाहीस. ३-२१ अशी दोन वर्षं बघूनही माणूस ऑगस्ट आला की परत झेंडा शोधायला लागतो, त्याला मूर्ख म्हणायचं तर हे अख्खं मिडवेस्ट रिकामं करावं लागेल. पण तुझ्या आशेच्या खाली दोन-तीन गोष्टी तू गृहीत धरल्या आहेस आणि त्या आता खऱ्या राहिलेल्या नाहीत असं मला वाटतं. त्याबद्दल जरा लांबलचक बोलू दे, कारण अशी पत्रं मला फक्त पर्डूवाल्यांची येत नाहीत.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इथे कॉलेज फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून खेळतात तो. साधारण बारा मॅचेसचा सीझन, बहुतेक शनिवारी, सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि खेळणारी पोरं अठरा ते तेवीस-चोवीस वर्षांची. एका खेळाडूला चार सीझन खेळता येतात आणि त्यासाठी पाच वर्षं मिळतात. म्हणजे एक वर्ष बाजूला बसून अंग भरायचं, प्लेबुक पाठ करायचं, त्याला रेडशर्ट म्हणतात, आणि २०१८ पासून त्या वर्षात चारपर्यंत मॅचेस खेळल्या तरी ते वर्ष खर्ची पडत नाही. या रचनेतूनच तुझं ते वाक्य आलंय, 'पोरं लहान आहेत, दोन वर्षं थांब'. पूर्वी ते वाक्य बरोबर होतं. पुढे मोठं नाव झालेल्या तुमच्याच ड्रू ब्रीजचं बघ. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा मुलगा, हायस्कूलच्या टीमला स्टेट चॅम्पियन केलं तरी उंची कमी म्हणून मोठ्या कॉलेजांनी ढुंकून पाहिलं नाही, पर्डूने घेतला. १९९७ मध्ये बहुतेक वेळ बेंचवर, १९९८ पासून स्टार्टर, आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी, १ जानेवारी २००१ ला, पर्डू रोझ बोल या मानाच्या मॅचमध्ये. हरले तिथे वॉशिंग्टनकडून, ३४-२४, पण पोहोचले. ज्याने ब्रीजला १९९७ मध्ये बेंचवर बघून 'थांबा जरा' म्हटलं असेल त्याला चार वर्षांनी कॉलर ताठ करता आली.

आता तोच ब्रीज आज असता तर? १९९८ चा तो सीझन खेळल्यावर डिसेंबरात त्याचा फोन वाजायचा थांबला नसता. खेळाडूंना कॉलेज बदलण्यासाठीचं ट्रान्सफर पोर्टल २०१८ मध्ये आलं. २०२१ पासून पहिल्या बदलीला वर्षभर बसायची अट गेली आणि २०२४ पासून तर कितीही वेळा बदला. त्यात २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात आणि २०२५ पासून कोर्टातल्या समझोत्यामुळे युनिव्हर्सिटीही त्यांना थेट पैसे देते, पहिल्या वर्षाची मर्यादा एका युनिव्हर्सिटीला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ धरून. म्हणजे तू ज्या पोराला 'दोन वर्षांनी बघा' म्हणतोस तो दोन वर्षांनी खरंच चांगला झाला तर तो तुझ्याकडेच असेल याची खात्री कोणी द्यायची? आपल्याकडे म्हणतात ना, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ते दिसतातच, पण हल्ली ते शेजारच्यांनाही दिसतात आणि शेजारी जास्त पैसे घेऊन दारात उभा असतो.

मुळात तुझी टीम यंग आहे का, हेही एकदा तपास. माझं असं निरीक्षण आहे की हरणाऱ्या टीमला तिचे चाहते आपोआप यंग म्हणायला लागतात, कारण दुसरं काही म्हटलं की पोटात कालवतं. रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, उघड, नावापुढे वर्ष लिहिलेलं असतं, एक-एक मोज. नवे कोच बॅरी ओडम डिसेंबर २०२४ मध्ये आले तेव्हा निम्म्याहून जास्त टीम बदलली आणि नव्यांतले कितीतरी जण दुसऱ्या कॉलेजांत दोन-तीन वर्षं खेळून आलेले होते. ती टीम नवी होती, एकमेकांना ओळखत नव्हती, पण त्यातल्या पुष्कळांचं वय काही कोवळं नव्हतं. नवी टीम एकत्र खेळून सुधारते, कधी कधी चार महिन्यांतही सुधारते. कोवळी टीम सुधारायला जिमची आणि जेवणाची वर्षं लागतात. तुझी नेमकी कुठली, हे कळल्याशिवाय किती थांबायचं हे कसं ठरवणार?

त्यातही सगळ्या जागा सारख्या नसतात. रिसीव्हर (पास पकडणारा) किंवा कॉर्नरबॅक (त्याला अडवणारा) पहिल्या वर्षी येऊन चमकू शकतो, पळायचं वय तेच असतं. पण ऑफेन्सिव्ह लाइनवरचा, म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीतला, मुलगा हायस्कूलमधून येतो तेव्हा समोर उभा असतो बावीस-तेवीस वर्षांचा, दाढी आलेला, चार वर्षं वजनं उचललेला गडी. पहिल्या क्वार्टरला पोरगा टिकतो, तिसऱ्या क्वार्टरला त्याचे पाय जड होतात, बॉल सुटायच्या आधीच हलतो, फॉल्स स्टार्टच्या पेनल्टीचा झेंडा पडतो, आणि तू आपला स्टँडमधून क्वार्टरबॅकला शिव्या घालत असतोस की बॉल का धरून ठेवतोय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! लाइनला तीन वर्षं लागतात हे जुने कोच सांगायचे आणि ते अजून खरं आहे. गंमत म्हणजे कोचला मात्र तेवढा वेळ मिळत नाही. ओडमच्या आधीचे रायन वॉल्टर्स दोन सीझनमध्ये ५-१९ करून गेलेच ना.

आता शेजाऱ्यांचं. 'इंडियानाने केलं म्हणजे आपणही करू' हे तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोठं गृहीतक आहे आणि ते सगळ्यात कच्चंही आहे. झालं ते अद्भुतच होतं, मी काही नाकारत नाही. या खेळाच्या इतिहासात सगळ्यात जास्त हरलेल्या टीम्समध्ये ज्यांचं नाव घ्यायचे ती टीम कोच कर्ट सिग्नेटी आल्यावर पहिल्याच वर्षी ११-२, दुसऱ्या वर्षी १६-०, आणि फायनलला मायामीला त्यांच्याच घरच्या मैदानावर २७-२१ ने हरवलं, चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, क्वार्टरबॅक स्वतः बॉल घेऊन घुसला, तो टचडाउन बघून मी सोफ्यावरून उठले होते आणि मी त्यांची फॅनही नाही. पण ते कशाच्या जोरावर झालं ते बघ. सिग्नेटींनी जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या कॉलेजातून १३ खेळाडू सोबत आणले, वयाने मोठे, त्यांची पद्धत आधीच अंगवळणी पडलेले. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकलेला क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझासुद्धा कॅलिफोर्नियाहून तयार होऊन आला होता. इंडियाना 'पोरं मोठी होतील' म्हणून थांबलीच नाही, तिने मोठी झालेली माणसं आणली. त्यामुळे तुझ्या 'यंग टीम' सिद्धांताला इंडियानाचा दाखला लागूच होत नाही, उलट तो त्याच्या विरुद्ध जातो.

आणि मोठी माणसं आणणं हासुद्धा काही हमखास उपाय नाही. कोलोरॅडोला कोच डिऑन सँडर्स यांनी पोर्टलमधून अख्खी टीम उभी केली, २०२३ मध्ये ४-८, २०२४ मध्ये ९-४ आणि ट्रॅव्हिस हंटरला हाइझमन, सगळीकडे जयजयकार, आणि २०२५ मध्ये हंटर आणि क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, गेल्यावर ३-९. 'थोडक्यात हरतोय म्हणजे जवळ आलोय' हे आणखी एक लाडकं वाक्य. नेब्रास्काला विचार. २०२१ मध्ये त्यांच्या नऊ हारी झाल्या आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी पॉइंट्सनी. सगळं राज्य म्हणत होतं पुढच्या वर्षी या सगळ्या फिरणार. पुढच्या वर्षी तिसऱ्या मॅचनंतर कोचच गेला आणि सीझन ४-८ वर संपला. बाजारात तुरी असतानाच घरात भांडणं सुरू करायची नाहीत ती याच्यासाठी.

एवढं ऐकून तू म्हणशील की मग काय ताई, आशा सोडू? नाही रे. फक्त ती ठेवायची जागा बदल. तू ती अमुक एका पोरावर, अमुक एका वर्षावर ठेवतोस आणि ते दोन्ही हलतं आहे. तुझ्या पत्रातला सगळ्यात जिवंत भाग कुठला होता सांगू? १२ ऑक्टोबर २०२४, इलिनॉयविरुद्धची मॅच. त्यावर तू पान भरून लिहिलंयस, तिकिटांवर चार ओळी. पर्डू मोठ्या फरकाने मागे, नेहमीचा क्वार्टरबॅक जखमी, रायन ब्राउन नावाचा रेडशर्ट फ्रेशमन (एक वर्ष बाजूला बसून आलेला) आयुष्यातली पहिली स्टार्ट खेळतोय, आणि टीम परत येते, पुढेसुद्धा जाते, ओव्हरटाइम होतो, शेवटी बरोबरीच्या किकऐवजी दोन पॉइंट्सचा डाव टाकतात, तो फसतो आणि ५०-४९ ने हरतात. आणि पुढच्याच शुक्रवारी घरच्या मैदानावर ओरेगॉनकडून ३५-०. एकोणपन्नास आणि मग भोपळा! यंग टीम म्हणजे नेमकं हे असतं आणि त्याचं दुसरं वर्ष येईल न येईल, त्या संध्याकाळी ते तुझ्यासमोर घडलं. तो ब्राउन पुढे जानेवारीत नॉर्थ कॅरोलायनाला गेला, तू लिहिलंस की तेव्हा तुला दगा दिल्यासारखं वाटलं, आणि वसंतात तो परतसुद्धा आला. यशस्वी जैस्वालने २०२५ मध्ये गोव्याकडून खेळायचं म्हणून मुंबईकडे एनओसी मागितली आणि महिनाभरात मागे घेतली तेव्हा आपल्या लोकांनी जे तोंडसुख घेतलं तेच तू घेतलंस. वीस वर्षांचा मुलगा नोकरी बदलून परत येतो यात दगा कुठला? तू स्वतः किती कंपन्या बदलल्यास इथे आल्यापासून?

यावरून इन्स्टाग्रामवर येते. हे तू शेवटी, ओझरतं लिहिलंस, पण मी दोनदा वाचलं. इथे मी गोडगोड बोलणार नाही. पैसे मिळतात म्हणून ऐकून घ्यावं हा युक्तिवाद चालत नाही. एक तर त्या मोठ्या आकड्यातलं बहुतेक मूठभर खेळाडूंकडे जातं, तू ज्याला लिहिलंस तो डिफेन्समधला बदली खेळाडू होता, त्याच्या वाट्याला काय येतं तुलाही माहीत नाही. आणि भरपूर येत असलं तरी? तुझ्या ऑफिसात रिलीज फसला तर क्लायंट तुझ्या खासगी खात्यावर येऊन रात्री दहाला घाण लिहितो का? त्या पोराला त्या रात्री तुझा एकच मेसेज आलेला नसतो, पैज हरलेले, दारू प्यायलेले, दुसऱ्या टीमचे, सगळे त्याच वेळी तिथे असतात, आणि त्यात आपल्याच टीमचा रंग घातलेला फोटो लावलेला माणूस असला की जास्त लागतं. मेसेज डिलीट कर, एक ओळीची माफी लिही, 'त्या दिवशी मी लिहिलं ते चुकीचं होतं, सॉरी', त्यापुढे खुलासा नको, सल्ला नको, आणि यापुढे खेळाडूंना स्टँडमधून काय ओरडायचं ते ओरड, त्यांच्या फोनमध्ये शिरू नकोस. हे बाकीच्या वाचकांनाही लागू, आयपीएलवाल्यांना तर आधी.

मुलाचं प्रकरण मला जास्त आवडलं, खरं सांगते. तो अकराचा आहे. त्याने डोळ्यांनी काय बघितलंय? इंडियाना-पर्डूची ओल्ड ओकन बकेटची मॅच, जुन्या लाकडी बादलीसाठीची, २०२४ मध्ये ६६-०, २०२५ मध्ये ५६-३. दोन वर्षांची बेरीज १२२-३. त्यातली दुसरी त्याने नोव्हेंबरच्या थंडीत, शुक्रवारी रात्री, तुझ्याशेजारी बसून, तुझ्या पैशांच्या तिकिटावर बघितली आणि तू लिहितोस की हाफटाइमनंतर त्याने विचारलं 'बाबा, जाऊया का' आणि तू म्हणालास 'खरे फॅन उठत नाहीत'. त्यानंतर महिना-दीड महिन्यात वर्गातली अर्धी मुलं लाल रंगात आली. आता तूच सांग, तो काय मागणार? उगवत्या सूर्याला नमस्कार मोठी माणसंही करतात.

तू याला निष्ठेचा प्रश्न केलायस, मला तो तसा वाटत नाही. तू पर्डूचा कशामुळे झालास? तिथे शिकलास, त्या लायब्ररीत रात्री काढल्यास, रॉस-एड स्टेडियमच्या बाजूच्या टेकडीवर बसून पहिल्यांदा हा खेळ समजावून घेतलास, घरापासून इतक्या लांब पहिल्यांदा कुठल्या तरी गर्दीत 'आपण' म्हणालास. ही सगळी तुझी कमाई आहे. मुलाला ती वारसा म्हणून देता येत नाही, पुण्यातलं घर देता येईल एक वेळ. त्याच्या दृष्टीने पर्डू म्हणजे बाबा शनिवारी चिडचिड करतो ती टीम. त्याला हुडी घेऊन दे. हसत घेऊन दे, 'बघ हं, पुढच्या वर्षी हरले तर घालायची नाही असं चालणार नाही' असली अट न घालता. मग त्याला विचार की तुला त्यांच्यातला कोण आवडतो आणि का, आणि तो सांगेल ते ऐक. खेळाची आवड लागली की टीम दहा वेळा बदलते, त्याची नंतर होईलही पर्डू, किंवा तो टेक्सासला शिकायला जाईल आणि तुम्हा दोघांनाही तिसरंच काही बघावं लागेल.

तिकिटांबद्दल मात्र वहिनींच्या बाजूने बोलते, थोडंसं. त्या फुटबॉलविरुद्ध आहेत असं मला पत्रात कुठे दिसलं नाही. त्यांची तक्रार अशी दिसते की सप्टेंबर ते नोव्हेंबर घराचं कॅलेंडर तुझ्या हातातही नसतं, टीव्हीवाल्यांच्या हातात असतं. किकऑफ दुपारी बाराला की संध्याकाळी साडेसातला हे कधी बारा दिवस आधी कळतं, कधी सहा. त्यावर मंडळाचा गणपती, कोणाचं डोहाळजेवण, मुलाची स्विमिंग मीट, सगळं लटकलेलं. पर्डूच्या घरच्या मॅचेस गेल्या वर्षी सात होत्या. सातही तिघांनी बघायच्या, चौथ्या तिकिटासाठी कोणीतरी मित्र शोधायचा, एक तास जाताना, येताना ट्रॅफिक धरून दीड, वडे तळून फॉइलमध्ये बांधायचे, ते पार्किंगमध्ये उभं राहून खायचे, आणि मग ३४-१०. वडे कोण तळतं हे तू लिहिलं नाहीस, मी विचारत नाही.

माझं म्हणणं, चारची दोन कर. पूर्ण सोडू नकोस, कारण युनिव्हर्सिटीला देणगी देणाऱ्यांच्या क्लबात इतकी वर्षं जमवलेले पॉइंट्स आणि त्यातून मिळालेली ती जागा एकदा गेली की टीम चांगली झाल्यावर परत मिळवणं महाग पडेल, हा तुझा हिशोब बरोबर आहे आणि तो तू वहिनींना उघडपणे सांग, 'निष्ठा' वगैरे शब्दांच्या मागे लपवू नकोस. दोन तिकिटांवर तू आणि ज्याला यायचंय तो, त्यांना वाटलं तर त्या, मुलाला वाटलं तर मुलगा. ज्या मॅचला तिघांना जायचं असेल तिचं एक तिकीट बाहेरून घे, दोन जिंकून दहा हरलेल्या टीमचं तिकीट रीसेलमध्ये काही सोन्याच्या भावाने मिळत नाही. सीझनआधी वेळापत्रक समोर ठेवून त्यातले दोन शनिवार तुम्ही दोघं मिळून खोडा, गणपतीचा एक आणि दुसरा वहिनी सांगतील तो, आणि त्या दिवशी फोनवर स्कोअर बघायचा नाही. म्हणजे बघशीलच तू, पण निदान आरतीत नको.

मैदानात बसलास की काय बघायचं तेही सांगते, कारण फक्त स्कोअरबोर्ड बघत बसलास तर हे वर्षही तसंच जाईल. तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरला तुमची लाइन मागे सरकतेय की उभी आहे ते बघ. फॉल्स स्टार्ट, उशिरा मारलेली टक्कर, मैदानात बारा जण, असल्या बिनडोक पेनल्टी सप्टेंबरपेक्षा ऑक्टोबरात कमी झाल्या का ते बघ, कोचिंग तिथे दिसतं. इंटरसेप्शन टाकल्यावर (पास समोरच्यांच्या हातात गेल्यावर) क्वार्टरबॅकच्या पुढच्या सीरिजमध्ये कसे डाव दिले जातात बघ, कोचचा विश्वास कळतो. बॉल सुटला आणि कोणाच्या हाती लागला याला फार किंमत देऊ नकोस, त्यात नशीब निम्मं असतं, त्यावर जिंकलेली मॅचसुद्धा पुढचं काही सांगत नाही. आणि वर्षाचा खरा निकाल लागतो जानेवारीत, पोर्टल आता वर्षातून एकदाच उघडतं, या वर्षी २ ते १६ जानेवारी होतं. त्या दोन आठवड्यांत तुमच्या चांगल्या खेळाडूंपैकी किती जण थांबले, हा आकडा मला तुमच्या जिंकलेल्या मॅचेसपेक्षा जास्त सांगतो. चांगली पोरं हरणाऱ्या टीममध्ये थांबायला लागली तर समज आत काहीतरी बरं शिजतंय.

बाकी पर्डूवाल्यांना आनंद कसा होतो हे मला सांगू नकोस, मी ओहायोत राहते. २० ऑक्टोबर २०१८ ला दुसऱ्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटला तुम्ही ४९-२० ने झोपवलंत, आमच्या गल्लीत त्या रात्री एकाही घरातून आवाज नव्हता. टायलर ट्रेंट नावाचा तुमचा विद्यार्थी, हाडांच्या कॅन्सरने खंगलेला, आधीच सांगून बसला होता की पर्डू जिंकणार, आणि तो मैदानात होता. १ जानेवारी २०१९ ला तो गेला, वीस वर्षांचा. विद्यार्थ्यांचं गेट आता त्याच्या नावाचं आहे, तू दर वेळी त्याच्या जवळून जात असशील. त्या वर्षी पर्डूचा रेकॉर्ड काय होता आठवतंय? सहा जिंकल्या, सात हरल्या. कोणाला त्याचं काही पडलेलं नाही.

तर मॅच बघत राहा. आणि यंदा बकेटची मॅच इंडियानाच्या घरी, ब्लूमिंग्टनला आहे, थॅंक्सगिव्हिंगच्या सुमाराला. मुलाला त्याची लाल हुडी घालून ने, तू तुझं काळं-सोनेरी घाल, आणि या वेळी तो 'बाबा, जाऊया का' म्हणाला तर गाडीकडे चालायला लाग, बहुतेक तो म्हणणार नाही कारण या वेळी त्याची टीम जिंकत असेल आणि उठावंसं तुला वाटेल. तिकिटं मात्र आत्ताच बघ. पूर्वी तिथे ऐन वेळी जाऊन हवी तितकी मिळायची, आता चॅम्पियन झालेत ते.